एडासवाली गाडी नाशिकच्या रस्त्यावर: नव्या मालकांसाठी मार्गदर्शक

नाशिकमध्ये आता मध्यम किमतीच्या गाडीतही पुढच्या काचेमागे कॅमेरा आणि बंपरमध्ये रडार मिळतं. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० पासून ह्युंदाईच्या क्रेटापर्यंत अनेक गाड्यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये ही यंत्रणा आहे. बोलताना सगळे तिला एडास म्हणतात. ती पुढच्या वाहनापासून अंतर राखते, पट्ट्यांच्या मधोमध राहण्यासाठी स्टिअरिंग हलकंसं वळवते, आणि धडक होणार असं वाटलं तर स्वतः ब्रेक मारते. अशी गाडी पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्या गाडीपुढून रस्ता ओलांडणाऱ्यांची काळजीही त्यामागे तितकीच आहे. गाडीत बसलेल्याला निदान एअरबॅग असते, पायी चालणाऱ्याला काहीच नसतं.

आधी गाडीची पातळी समजून घ्या

वाहन अभियंत्यांची संस्था एसएई ० ते ५ अशा सहा पातळ्या मानते. भारतात मिळणाऱ्या एडास गाड्या पातळी २ पर्यंतच्या आहेत. म्हणजे वेग आणि स्टिअरिंग दोन्ही गाडी सांभाळू शकते, पण रस्त्यावर नजर ठेवायची ती माणसानेच, प्रत्येक क्षणी. पातळी ३ मध्ये ठरावीक परिस्थितीत नजर काढण्याची मुभा असते. मर्सिडीजने जर्मनीत अशी यंत्रणा विक्रीला आणली. पातळी ४ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि फिनिक्समध्ये चालकाविना धावणाऱ्या वेमोच्या टॅक्सी. आपल्याकडे यातलं काही नाही. नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात बोलताना चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं, आणि कारण चालकांच्या रोजगाराचं दिलं होतं.

तेव्हा विक्रेता 'गाडी आपोआप चालते' म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. पातळी २ ची गाडी चालवणारे तुम्हीच असता, कायद्यानेही आणि प्रत्यक्षातही.

पायरी १: ताबा घेण्याआधी

गाडीच्या पुस्तिकेत एडासचं प्रकरण असतं आणि त्यात मर्यादांची लांबलचक यादी असते. बहुतेक जण ती पानं उघडतच नाहीत, पण सगळ्या पुस्तिकेत कामाची तीच. त्यातून चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या. लेन राखणारी यंत्रणा किती वेगापासून जागी होते (बऱ्याच गाड्यांत सुमारे ६० किमीच्या पुढे). स्वयंचलित ब्रेक वाहनासाठी किती वेगापर्यंत आणि पादचाऱ्यासाठी किती वेगापर्यंत काम करतो. हे दोन आकडे बहुधा वेगळे असतात. क्रूझवर (ठरवलेला वेग आणि पुढच्या वाहनापासूनचं अंतर गाडीच राखते ती सोय) असताना गाडी पूर्ण थांबली, तर पुढे ती ब्रेक धरून ठेवते की काही सेकंदांनी सोडून देते. आणि यंत्रणा बंद पडली तर डॅशबोर्डवर कोणतं चिन्ह दिसतं.

जुनी गाडी घेत असाल तर आणखी एक प्रश्न विचारा: पुढची काच किंवा बंपर कधी बदललाय का, आणि बदलला असेल तर कॅलिब्रेशनचा (कॅमेरा-रडारचा कोन पुन्हा जुळवल्याचा) कागद आहे का? कागद नसेल तर त्या एडासवर विसंबू नका. आधी अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासणी करून घ्या.

पायरी २: काच आणि बंपर यांची निगा

कॅमेरा आरशामागे काचेला चिकटून असतो. पुढचं रडार कंपनीच्या चिन्हामागे किंवा बंपरच्या खालच्या जाळीत असतं, आणि मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत बाजूची वाहनं पाहणारी छोटी रडारं असतात. ही रडारं बहुधा ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्या लहरींना ओला चिखल, धातू आणि पुटीचा जाड थर आड येतो.

म्हणून कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर फास्टॅग, देवाचा स्टिकर, सोसायटीचा पास यातलं काही नको. फास्टॅग कॅमेऱ्याच्या चौकटीपासून बाजूला लावा. डॅशबोर्डवर चकाकती मूर्ती असेल तर तिचं प्रतिबिंब काचेत कॅमेऱ्यासमोर पडत नाही ना, हे दुपारच्या उन्हात एकदा पाहून घ्या. दसऱ्याला पुढच्या जाळीवर सोडलेला झेंडूचा हार पूजेपुरता ठेवा आणि रस्त्यावर निघण्याआधी उतरवा. ताज्या फुलांत पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. लिंबू-मिरचीची तार नंबरप्लेटच्या कडेला बांधा, रडारसमोर नको. लोखंडी बुलगार्ड तर लावूच नका. ते बेकायदा आहे, पादचाऱ्याला जास्त इजा करतं, आणि रडारला आंधळं करतं.

मागचा बंपर घासला आणि गल्लीतल्या गॅरेजमध्ये पुटी भरून रंगवला, की बाजूची वाहनं दाखवणारा दिवा हळूहळू अनियमित होतो. कोपऱ्यावरचं काम करताना 'इथे रडार आहे' हे रंगाऱ्याला सांगायलाच हवं. धुताना प्रेशर वॉशरचं नोझल बंपरपासून हातभर लांब धरा.

कॅलिब्रेशनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बरेच जण नेमके इथेच पैसे वाचवतात. कॅमेऱ्याचा कोन फक्त १ अंशाने चुकला, तर १०० मीटरवर ती चूक सुमारे १.७५ मीटरची होते. महामार्गाची लेन ३.५ मीटरची. म्हणजे शेजारच्या लेनमधला ट्रक गाडीला आपल्या लेनमध्ये दिसू शकतो, किंवा समोरचा दिसतच नाही. पुढची काच बदलली, बंपर काढून बसवला, सस्पेन्शनचं काम झालं, वेगळ्या मापाचे टायर टाकले, की कॅलिब्रेशन करून घ्या. ते सपाट फरशीवर ठरावीक अंतरावर नक्षीचा फलक उभा करून करतात, काही गाड्यांत रस्त्यावर चालवून, तर काहींत दोन्ही प्रकारे. काचेचा विमा दावा करताना सर्व्हेअरला कॅलिब्रेशनचा खर्च अंदाजपत्रकात धरायला सांगा आणि काम झाल्यावर छापील अहवाल मागून घ्या. अपघात झाल्यास हा कागद तुमच्या बाजूने बोलतो.

पायरी ३: हात बसवणं

पहिला आठवडा फक्त इशारे चालू ठेवा. क्रूझ आणि लेन राखणं बंद. इशारा कधी वाजतो आणि कधी उगाच वाजतो, हे कानांना कळू द्या. स्वयंचलित ब्रेक मात्र पहिल्या दिवसापासून कायम चालू असावा.

मग रविवारी सकाळी, उजेड झाल्यावर, सिन्नरकडे जाणाऱ्या मोकळ्या चौपदरी रस्त्यावर क्रूझ लावा. वेग ७०, अंतराची सेटिंग सगळ्यात लांबची. क्रूझ तीन प्रकारे तोडून पाहा: ब्रेकने, रद्द करायच्या बटणाने, आणि मुख्य बटणाने. डोळे रस्त्यावर असताना अंगठ्याला बटण सापडेपर्यंत हे करत राहा.

दोन गोष्टी नव्या चालकाला हमखास गोंधळात टाकतात. पहिली, अॅक्सिलरेटर. क्रूझवर असताना तो दाबला की तुमचा हुकूम वरचढ ठरतो, आणि पाय तिथे असेपर्यंत क्रूझ तुमच्यासाठी वेग कमी करत नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये २०१९ साली झालेल्या टेस्लाच्या एका अपघातात हेच घडलं: चालक पडलेला फोन शोधायला वाकला आणि त्याचा पाय अॅक्सिलरेटरवर होता. म्हणून पाय जमिनीवर सपाट किंवा ब्रेकजवळ ठेवायची सवय लावा. दुसरी, 'रिझ्यूम' बटण. ते आधीचा वेग लक्षात ठेवतं. महामार्गावर ९० लावला होता, गावात शिरल्यावर ३० वर आलात, आणि सवयीने बटण दाबलं, तर गाडी पुन्हा ९० कडे धावते. महामार्ग सोडताना क्रूझ मुख्य बटणाने बंद करा म्हणजे जुना आकडा पुसला जातो.

स्वयंचलित ब्रेक चालतो का, हे पाहायला पुठ्ठ्याचा माणूस किंवा मित्राला उभं करू नका. ही चाचणी फक्त प्रशिक्षित लोकांनी बंद ट्रॅकवर करायची असते. आणि स्टिअरिंगला पाण्याची बाटली किंवा वजन अडकवून 'हात ठेवा' हा इशारा फसवण्याचे जे व्हिडिओ फिरतात, तसं करणं म्हणजे अपघात झाल्यास स्वतःच्या निष्काळजीपणाचा पुरावा आपणच तयार करून ठेवणं आहे.

पायरी ४: यंत्रणा कुठे फसते

उभं वाहन. सगळ्यात धोक्याची जागा हीच. महामार्गाच्या वेगात रडारला पूल, खांब, फलक, कठडे अशा असंख्य स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी मिळतात. प्रत्येकावर ब्रेक मारला तर गाडी चालणारच नाही, म्हणून बऱ्याच यंत्रणा स्थिर वस्तूंकडे दुर्लक्ष करायला शिकवलेल्या असतात आणि कॅमेऱ्याच्या दुजोऱ्याची वाट पाहतात. आता आडगाव ते पिंपळगावदरम्यान रात्री लेनमध्येच बंद पडलेला, रिफ्लेक्टर नसलेला ट्रक डोळ्यांपुढे आणा. तुमच्या पुढची गाडी शेवटच्या क्षणी बाजूला होते, समोर उभा ट्रक येतो, आणि क्रूझला उलट वाटतं की रस्ता मोकळा झाला. ती वेग वाढवू लागते.

अंतराचं गणित पाहा. कोरड्या रस्त्यावर, प्रतिक्रियेला दीड सेकंद धरला, तर ८० किमी वेगात थांबायला सुमारे ७० मीटर लागतात, १०० ला जवळपास १०० मीटर, १२० ला सुमारे १३०. ओल्या रस्त्यावर १२० ला हा आकडा १९० च्या आसपास जातो. साध्या डिपरच्या उजेडात एवढं दिसत नाही.

ट्रॉली आणि सळया. उसाची जोडट्रॉली, कांद्याचा ट्रॅक्टर, द्राक्षाच्या क्रेट्स भरलेली पिकअप ही निफाड, लासलगाव, दिंडोरीकडची रोजची वाहतूक. मागे दिवा नसतो आणि माल चौकटीबाहेर आलेला असतो. बाहेर आलेल्या सळयांचं टोक रडारला धड दिसत नाही. रडारला वाहनाची मागची बाजू दिसते आणि अंतर तिथूनच मोजलं जातं. अशा वाहनामागे क्रूझ बंद करा आणि हाताने अंतर वाढवा.

अंधारातले पायी चालणारे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२२ मध्ये पादचारी ओळखणाऱ्या स्वयंचलित ब्रेकचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण पादचारी धडका २७ टक्क्यांनी कमी दिसल्या. पण रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात फरक पडलाच नाही. आपल्याकडे नेमकं तिथेच लोक चालतात: चैत्रात आणि नवरात्रात वणीच्या गडाकडे, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला दिंड्या, घोटी-सिन्नर रस्त्याने शिर्डीच्या पालख्या. डोक्यावर तुळस, खांद्यावर पताका, काळोखात एका ओळीत चाललेला जथा हा कॅमेऱ्याने शिकलेल्या आकारांपेक्षा वेगळा असू शकतो. या दिवसांत त्या रस्त्यांवर क्रूझ नको, वेग ४० च्या आत, आणि डोळे डाव्या कडेवर. सिंहस्थाच्या काळात तर हे शहरभर लागू राहील.

खुणा नसलेला रस्ता. गावठाणातला न रंगवलेला स्पीडब्रेकर, खड्डा, आडवा आलेला बैल, उलट बाजूने येणारी दुचाकी यांची हमी कोणतीच पातळी २ ची यंत्रणा देत नाही. कामं सुरू असलेल्या ठिकाणी जुने पांढरे पट्टे अर्धवट राहतात आणि लेन राखणारी यंत्रणा त्यांच्या मागे लागून स्टिअरिंग बॅरिकेडकडे ओढते. डायव्हर्जनचा पहिला फलक दिसला की लेनची यंत्रणा बंद करायची. द्वारका, मुंबई नाका, सीबीएस इथे तिचा उपयोग नाहीच.

ऊन, पाऊस, धुकं. संध्याकाळी त्र्यंबक रस्त्याने जाताना मावळता सूर्य थेट कॅमेऱ्यात येतो. इगतपुरीच्या पावसात रडार बऱ्यापैकी तग धरतं, पण ट्रकच्या चाकांनी उडवलेल्या पाण्यात कॅमेरा हरतो. समृद्धीवरच्या इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडताना एकदम उजेड येतो, कधी काचेवर बाहेरून बाष्पही धरतं, आणि एक-दोन क्षण कॅमेऱ्याला काही उमजत नाही. १०० किमी वेगात २ सेकंद म्हणजे ५५ मीटर. बोगद्याच्या तोंडाशी वेग आधीच उतरवा. टोलनाक्याआधी अर्धा किलोमीटर क्रूझ बंद.

पायरी ५: मागच्यांचा विचार

यंत्रणा कधी कधी काहीही नसताना ब्रेक मारते: पुलाची सावली, वळणावरचा कठडा, मध्येच शिरलेली रिक्षा. तुम्ही दचकता, पण खरा धोका चिकटून येणाऱ्या मागच्या दुचाकीला असतो. मागे वाहन फार जवळ असेल तर क्रूझ सोडा आणि त्याला पुढे जाऊ द्या. असे ब्रेक वारंवार लागले तर तारीख, ठिकाण, वेळ आणि ऊन-पावसाची स्थिती लिहून वर्कशॉपमध्ये लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार जॉबकार्डवर येत नाही, आणि जॉबकार्डवर नसलेली तक्रार पुढे सिद्ध करता येत नाही.

घरात ड्रायव्हर असेल, किंवा मुलगा-मुलगी गाडी नेत असतील, तर वरच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्याकडूनही करून घ्या.

पायरी ६: जबाबदारी कोणाची

फौजदारी जबाबदारी चालकाची. 'गाडीने स्वतः केलं' हा बचाव पातळी २ मध्ये टिकण्याची आशा धरू नका. बेदरकार चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर संहितेचं कलम १०६(१), ज्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

नुकसानभरपाईचा मार्ग वेगळा. तिथे चालकाबरोबर मालकही येतो, आणि थर्ड पार्टी विमा असल्यास रक्कम विमा कंपनी भरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. जास्त भरपाईसाठी कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. कायद्यात त्याची मुदत अपघातापासून ६ महिन्यांची आहे, म्हणून जखमीच्या घरच्यांनी वकील गाठायला उशीर करू नये.

आणि कंपनी? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. रचनेतला दोष, निर्मितीतला दोष, आणि धोक्याची पुरेशी सूचना न देणं, या तिन्हींसाठी कलम ८४ खाली उत्पादक जबाबदार ठरू शकतो. सदोष सेवेसाठी सर्व्हिस देणाराही. पण वस्तूचा गैरवापर किंवा फेरफार झाला असेल तर कलम ८७ विक्रेत्याला सोडवतं, आणि स्वतः विकणाऱ्या उत्पादकालाही. बाटली लटकवणं, बुलगार्ड, कॅलिब्रेशन टाळणं इथे आड येतं.

जगातला अनुभव पाहिला की ही ओढाताण कळते. १८ मार्च २०१८ ला अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि ती दगावली. गाडीला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी भलतंच काही समजत राहिली. मूळ गाडीचा स्वयंचलित ब्रेक चाचणीसाठी बंद केलेला होता. फौजदारी खटला मात्र चालकाच्या जागी बसलेल्या व्यक्तीवर झाला, कंपनीवर नाही. उलट फ्लोरिडाच्या ज्या अपघाताचा वर उल्लेख केला, त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये ज्युरीने ६७ टक्के दोष चालकाचा आणि ३३ टक्के टेस्लाचा ठरवला. दोष वाटून देण्याची ही पद्धत आम्हाला जास्त न्याय्य वाटते. जी कंपनी जाहिरातीत हात सोडलेला चालक दाखवते, तिने त्या चित्राची किंमतही मोजायला हवी.

पायरी ७: अपघात झालाच तर

गाडी थांबवा, इंजिन बंद, चारही इंडिकेटर चालू. जखमीसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार मिळतात. रुग्णालयात हे आवर्जून विचारा. मदत करणाऱ्या वाटसरूला कलम १३४अ चं संरक्षण आहे, त्यामुळे त्याला अडवून ठेवू नका.

नंतर पुरावा. डॅशकॅमचं कार्ड लगेच काढून घ्या, नाहीतर नवं चित्रण जुन्यावर चढतं. ते पोलिसांना देताना आधी प्रत करून ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. डॅशबोर्डवरच्या इशाऱ्यांचे, रस्त्यावरच्या पट्ट्यांचे, चाकांच्या खुणांचे फोटो घ्या. अनेक गाड्यांच्या एअरबॅग युनिटमध्ये धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेक यांची नोंद राहते. ही नोंद जपून ठेवावी, पुसू नये, अशी मागणी वर्कशॉप आणि कंपनीला त्याच दिवशी ईमेलने करा, आणि विमा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका.

यंत्रणेचाच दोष वाटत असेल तर दोन ठिकाणी जा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे. आणि सरकारच्या वाहन पोर्टलवर दोषाची नोंद करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार एकाच मॉडेलच्या पुरेशा तक्रारी जमल्या की सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला भाग पाडू शकतं. तुमची एक नोंद त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कुणाच्या गाडीपुढून जाणाऱ्या माणसासाठी असते, म्हणून दुरुस्ती फुकट झाली तरी ती करा.